मुलांचं वजन आणि मन, दोन्ही एकाच केसपेपरवर लिहा

मी आहारतज्ज्ञ आहे. वजन वाढलं म्हणून आठवी-नववी-दहावीतली मुलं माझ्याकडे आणली जातात आणि पालकांना लगेच डाएटचा तक्ता हवा असतो. मी आधी मुलालाच विचारते: झोप कशी लागते? मित्रांकडे जातोस का? पूर्वी जे आवडायचं ते अजून आवडतं का?

या वयात नैराश्य रडूनच बाहेर येतं असं नाही. चिडचिड, शाळेला दांड्या, दार लावून बसणं, दिवसभर लोळणं, आणि रात्री सगळे झोपले की फरसाणचा डबा. घरी त्याला आळस म्हणतात, खा-खा म्हणतात. ज्या मुलाला उठून दात घासणंही जड जातंय, त्याला पहाटे पाच किलोमीटर चालायला लावलं की तो तिथेही नापास होतो आणि आणखी मिटतो.

उलटंही होतं, वाढलेल्या वजनाने मन खचतं. कितीतरी मुलींच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसतो. आई लिंबू-बेसन लावून घासते, ‘नीट अंघोळ करत नाहीस’ म्हणून ओरडते. तो मळ नसतो. बऱ्याचदा शरीर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. मुलगी मात्र केस मोकळे सोडून मान झाकते, फोटोत मागे उभी राहते, लग्नाकार्याला यायचंच टाळते. तिथे मावशी-आत्या ‘किती सुटलीस गं!’ म्हणणार, हे तिला पाठ असतं. कृपा करून हे बोलणं थांबवा.

२०१० मध्ये १५ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. लठ्ठपणा असेल तर पुढे नैराश्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त, आणि नैराश्य असेल तर लठ्ठपणाची ५८ टक्क्यांनी. त्यात बहुतेक प्रौढ होते, पण मुलांमध्येही हे दुहेरी नातं दिसतं.

तरी आपल्याकडे वजनाचा डॉक्टर वेगळा, मनाचा वेगळा, आणि दोघांची गाठ नाही. ओलान्झापिन, मिर्टाझापिनसारख्या मनाच्या आजारांवरच्या काही औषधांनी वजन वाढतं. ती सुरू करतानाच वजन नोंदवायला हवं आणि घरच्यांना सांगायला हवं. नाहीतर मूल फुगायला लागलं की औषध परस्पर बंद केलं जातं, आणि ते फार धोक्याचं आहे. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण आणि मानसिक आरोग्य एकत्रच आहेत. मग शाळेच्या तपासणीत उंची-वजन घेताना झोपेचे, मनाचे चार प्रश्न का नकोत? आणि वजन सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचू नका.

घरी सुरुवात छोटी करा. उठण्याची वेळ ठरवा, मित्रासोबत दहा मिनिटं सायकल पुरे. बिस्किटं, कोल्ड्रिंक घरात सगळ्यांसाठीच बंद, एकट्या त्या मुलासाठी नाही.

आणि ‘जगावंसं वाटत नाही’ असं मूल कधीही बोललं, तर त्या दिवशी वजनाचा विषय काढू नका. त्याला एकटं सोडू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.