उपनगराची हद्द कशी आखावी : नव्या नगरविकास मंत्र्यासाठी कानमंत्र

उद्या तुमच्याकडे नगरविकास खातं चालून आलं, तर घाबरून जाऊ नका. हे खातं बरेचदा मुख्यमंत्री स्वतःकडेच ठेवतात, म्हणजे त्यात काहीतरी गोडवा असणारच. आणि काम तसं हलकं आहे. पाणी द्यायचं तर धरण लागतं, रस्ता करायचा तर डांबर लागतं, गटार काढायचं तर उतार लागतो. हद्द बदलायला फक्त अधिसूचना लागते. ती मंत्रालयात टाइप होते, राजपत्रात छापून येते आणि पहिल्या पावसात वाहून जात नाही. इतकं टिकाऊ बांधकाम महाराष्ट्रात दुसरं नाही.

अभ्यासाला परदेश दौरा काढायची गरज नाही. (काढलात तरी कोणी अडवणार नाही.) सीएसएमटीवरून कल्याण लोकल पकडा, दारात लटकायची सवय असेल तर डोंबिवलीला उतरता येईल. या भागाचा सुरुवातीचा इतिहास तुमच्या दृष्टीने अगदीच नीरस आहे. १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे आली आणि १८५५ मध्ये कल्याणला नगरपालिका आली. आगगाडी आली, माणसं वाढली, दिवाबत्ती आणि साफसफाई बघायला कोणीतरी हवं होतं, म्हणून नगरपालिका! असल्या सरळमार्गी कारणांनी कारभार चालायला लागला तर तुम्हाला कोण विचारणार? तेव्हा ती पानं उलटा आणि थेट १९८३ वर या.

१ ऑक्टोबर १९८३. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि आजूबाजूची गावं एकाच मोटेत बांधून महानगरपालिका झाली. महापालिका म्हटल्यावर नगरसेवक, महापौर, सभागृहात एकमेकांवर फेकायला कागद, हे सगळं ओघानं आलं, असं तुम्हाला वाटेल. तिथेच चुकाल. पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. मधलं एक तप प्रशासकानं कारभार पाहिला. त्या तपातच, १९९२ मध्ये, अंबरनाथ आणि बदलापूर बाहेर काढून त्यांच्या नगरपालिका पुन्हा वेगळ्या झाल्या. म्हणजे ज्यांना आत घेतलं त्यांनी एकदाही मत न देता आत येऊन बाहेर जाण्याचं पुण्य पदरात पाडून घेतलं. महापालिका स्थापन करा, निवडणूक सावकाश करा. मतदार नसलेली महापालिका फार गुणाची असते, उलट बोलत नाही.

आता मुख्य धडा. तो नीट घोटवून घ्या, कारण पुढं तुम्हाला यातलंच प्रात्यक्षिक करायचं आहे. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि मलंगगडाच्या दिशेला २७ गावं आहेत. निळजे, काटई, भोपर, संदप, गोळवली, पिसवली, द्वारली, भाल वगैरे. आगरी-कोळ्यांची, भातशेतीची जुनी गावं. १९८३ ला ती महापालिकेत घातली. गावकऱ्यांचं म्हणणं असं की कर शहराचा आला, पण पाणी, रस्ते गावाचेच राहिले, आणि विकास आराखड्यातली आरक्षणं मात्र आमच्या जमिनींवर पडली. म्हणणं खोटं नव्हतं. त्यांनी संघर्ष समिती केली, आंदोलनं केली आणि जुलै २००२ मध्ये ही गावं महापालिकेतून बाहेर काढली गेली. इथं एखादा भाबडा मंत्री पाण्याची लाइन टाकत बसला असता.

बाहेर काढली म्हणजे कुठं गेली? हा प्रश्न जनतेला पडेपर्यंत थांबू नका, आधीच त्याची दोन-तीन उत्तरं तयार ठेवा. कारभार ग्रामपंचायतीकडे आणि जिल्हा परिषदेकडे. २००६ पासून नियोजन एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. पाणी बरंचसं एमआयडीसीकडून, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाकडून. आणि मधल्या मोकळ्या जागेत काय झालं ते तुम्ही आजही लोकलच्या खिडकीतून पाहू शकता. सरपंचाच्या सहीचा आणि गोल शिक्क्याचा कागद घेऊन सात मजले उभे राहिले. ग्रामपंचायतीला तशी परवानगी द्यायचा अधिकार आहे का, हे विचारायचं काम एमएमआरडीएचं होतं, आणि एमएमआरडीएचं कार्यालय वांद्र्याला. वांद्र्याहून भोपरला येऊन मजले मोजणार कोण? ट्रॅफिक किती असतो!

मग १ जून २०१५ ला ही २७ गावं पुन्हा महापालिकेत. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला निवडणूक होती, हा निव्वळ योगायोग मानायचा. निवडणुकीच्या तोंडावर तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी डोंबिवलीत कल्याण-डोंबिवलीसाठी ६,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा कसा निवडला आहे पाहा. सहा हजार म्हटलं तर अंदाजपंचे वाटलं असतं, सात हजार म्हटलं तर थाप वाटली असती. साडेसहा हजार म्हटलं की कोणीतरी बसून हिशोब केलाय असं वाटतं. हे तंत्र शिकून घ्या. पुढं पैसे कुठं दिसतायत असं कुणी विचारलंच, तर पॅकेज अनेक खात्यांत विभागलेलं असतं, असं सांगायचं.

२०१९ मध्ये सरकार बदललं, रंग बदलले. शाळेतल्या मुलालाही कळेल की आता गावं काढायची पाळी. पण मार्च २०२० मध्ये जे ठरलं त्याला मी दाद देतो, कारण आधीच्या कोणाला हे सुचलं नव्हतं : सगळी काढायची नाहीत, आणि सगळी ठेवायचीही नाहीत. १८ काढायची, ९ ठेवायची. निळजे, घेसर, हेदुटणे बाहेर, काटई, घारिवली, उसरघर आत. यातल्या कित्येक गावांना मिळून एमएमआरडीएनं 'कल्याण ग्रोथ सेंटर' नावाचं एकच स्वप्न आधी दाखवलेलं होतं, त्या स्वप्नाच्या मधोमध आता हद्द गेली. बाहेरच्या १८ गावांसाठी नवी संस्था : कल्याण उपनगर नगरपरिषद. जूनमध्ये अधिसूचना निघाली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण कायद्यानं सांगितलेली महापालिकेशी सल्लामसलत नीट झालेली नव्हती. ज्या नगरपरिषदेनं एक नळ जोडला नाही, एक पावती फाडली नाही, तिची ही सगळी कारकीर्द. नगरपरिषदेचा इतका स्वच्छ कारभार राज्यात दुसरीकडे दाखवा.

डोंबिवलीतल्या शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला चौथी सीट असते. भाडं पुरं करायला तिला बसवतात, चौकात ट्रॅफिक पोलीस दिसला की 'जरा चालत पुढं या' म्हणून उतरवतात आणि वळणापलीकडे पुन्हा बसवतात. २७ गावांचं स्थान तुम्हाला एवढ्यावरून कळावं. फक्त चौथ्या सीटला निदान कुठं उतरायचं ते माहीत असतं.

आणि हे फक्त एका पक्षानं केलं असं कुणी तुम्हाला भरवलं तर विश्वास ठेवू नका. आत घातली तेव्हा वसंतदादांचं सरकार होतं, काढली तेव्हा विलासरावांचं, परत घातली तेव्हा फडणवीसांचं, अठरा काढली तेव्हा ठाकरेंचं. इतकं सर्वपक्षीय सातत्य दुसऱ्या कुठल्या धोरणात सापडत नाही. शेजारची १४ गावंही नवी मुंबई महापालिकेतून २००७ मध्ये बाहेर गेली आणि अलीकडे पुन्हा तिच्यातच आली. त्यांची गोष्ट तुम्ही आता न सांगताही पुरी कराल.

हद्द अशी हलती ठेवण्याचे फायदे खड्ड्यापाशी दिसतात. समजा, डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी विभागात एका निवृत्त गृहस्थांच्या फाटकासमोर खड्डा पडला. ते अर्ज लिहितात, सुवाच्य अक्षरात, मार्जिन सोडून, कारण ही सांस्कृतिक नगरी आहे. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात अर्ज देतात. तिथला कारकून अर्ज वाचतो, चष्मा वर करतो आणि मायेनं म्हणतो, "काका, रस्ता एमआयडीसीचा आहे. आमचा फक्त कचरा." काका एमआयडीसीत जातात. "पाणी आमचं, काका. रस्त्याचं हस्तांतरण चालू आहे." खड्डा जरा पुढं, शीळ रस्त्यावर असता तर राज्य रस्ते विकास महामंडळ. पुलाखाली असता तर रेल्वे. काकांना व्यायाम होतो, चार कार्यालयांत ओळखी होतात, अर्जावर चार आवक शिक्के पडतात. खड्डा असतो तिथंच असतो, पण आता तो कुणाचाही नसतो, हे केवढं मोठं काम झालं!

याच डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. दोन्हीला औद्योगिक पट्ट्यातली रसायनं कारण. गुलाबी रस्ता पाहायला खुद्द मुख्यमंत्री आले होते. तुम्हीही असे प्रसंग वाया घालवू नका, फोटो चांगले येतात. फक्त उभं राहताना कोणत्या यंत्रणेच्या हद्दीत पाय आहे एवढं बघून घ्या. पत्रकार परिषदेत ते उपयोगी पडतं.

आता बांधकामांबद्दल, कारण तुमच्याकडे फायली त्याच येतील. उच्च न्यायालयाच्या आदेशानं नेमलेल्या अग्यार समितीनं कल्याण-डोंबिवलीत ६७,९२० अनधिकृत बांधकामं असल्याचं नोंदवलं होतं. संख्या ऐकून दचकू नका. इतकी बांधकामं एका रात्रीत होत नाहीत, त्यामागे अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे, आणि इतक्या मतदारांच्या डोक्यावरचं छप्पर कुठलाही शहाणा मंत्री हलवत नाही. पण ही जुनी पद्धत झाली. नवी पद्धत ६५ इमारतींची. महापालिकेची बांधकाम परवानगी बनावट तयार करायची, ती दाखवून महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाची, खरी नोंदणी मिळवायची. नोंदणी खरी म्हणून बँकेचं कर्ज खरं, कर्ज खरं म्हणून माणूस निर्धास्त. तो वास्तुशांत करतो, सत्यनारायण घालतो, दारावर नावाची पाटी लावतो, हप्ता कापून उरलेल्या पगारात मुलाला क्लास लावतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं या इमारती पाडायचे आदेश दिले. मग रहिवाशांना बेघर होऊ देणार नाही असं सरकारनंही सांगितलं. आता तोल कसा छान साधला आहे बघा : इमारत अनधिकृत, हप्ता अधिकृत. महापालिका म्हणते आमची सही नव्हे, महारेराला कागद आले तसे त्यांनी घेतले, बिल्डर कोर्टात तारखा घेतोय. यात सापडला तो फक्त सातव्या मजल्यावरचा माणूस. आणि तो पळून जाणार कुठं, त्याचं तर घरच तिथं आहे.

पुलांवर फार वेळ घालवत नाही. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या पलावा चौकातला पूल वर्षानुवर्षं रखडल्यावर ४ जुलै २०२५ ला सुरू झाला आणि दुचाक्या घसरायला लागल्या म्हणून काही तासांतच बंद करावा लागला. पुढं तो पुन्हा उघडला. एकाच पुलाची दोन उद्घाटनं मिळू शकतात हे मात्र वहीत लिहून ठेवा.

राहता राहिली निवडणूक. २०१५ च्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, अशी कारणं एकामागून एक आपल्या पायांनी चालत आली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कान धरला नसता तर दुसरंही तप पुरं झालं असतं. निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. न्यायालयापुढं आपलं काही चालत नाही, पण नाउमेद होऊ नका, वाट त्यातूनही निघते. २०१५ मध्ये १२२ प्रभागांत एकेक नगरसेवक होता. नळ कोरडा पडला की लोकांना शिव्या कुणाला द्यायच्या ते ठाऊक होतं. ही अडचण आता दूर झाली आहे. १२२ जागा ३१ पॅनेलमध्ये वाटल्या, २९ पॅनेल चौघांची, दोन तिघांची. म्हणजे बहुतेक मतदारांना चार-चार नगरसेवक! पाणी गेलं की पहिला म्हणतो तो भाग दुसऱ्याकडे दिलाय, दुसरा तिसऱ्याचा नंबर पाठवतो, तिसरा हळदीच्या कार्यक्रमाला गेलेला असतो, आणि चौथा फोन उचलून अदबीनं सांगतो की टाकी एमआयडीसीची आहे.