सुकटीचा वास, संकष्टीचा उपवास

परवा संकष्टीला मी तव्यावर सुकट भाजली आणि वरच्या मजल्यावरचे काका साबुदाण्याच्या खिचडीची बशी हातात घेऊन आमच्या दारात उभे राहिले. ते निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत. "तुमच्या सुकटीचे रेणू विसरणाने, म्हणजे हवेत आपोआप पसरत, आमच्या देवघरात शिरले," ते म्हणाले, "माझा उपवास बाटला."

त्यांनी विज्ञान काढले नसते तर मी मुकाट्याने ऐकून घेतले असते. अडॉल्फ फिक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५५ साली मांडलेल्या नियमांनुसार अंतर दुप्पट झाले की विसरणाला वेळ चौपट लागतो, आणि अगदी स्थिर हवेत वासाच्या रेणूंना निव्वळ विसरणाने पाच मीटर जायला साधारण पंधरवडा लागेल. म्हणजे माझी सुकट फिकच्या भरवशावर निघाली असती तर काकांकडे थेट विनायकीला पोहोचली असती. ती लगेच पोहोचली याचे श्रेय त्यांच्याच एक्झॉस्ट फॅनला आहे. तो स्वयंपाकघरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा जिन्यातून, दाराच्या फटीखालून, आत ओढून घेतो.

"विज्ञान राहू द्या, ही आपली संस्कृती आहे," असे म्हणून काकांनी एक चमचा तोंडात घातला.

मी बशीत डोकावलो. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणाही तिथलाच, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची. कोलंबस निघाला त्या १४९२ सालापूर्वी यातले काहीही आपल्या किनाऱ्याला लागलेले नव्हते. खात्रीने इथले म्हणावे असे त्या बशीत तूप तेवढे होते. माझी सुकट मात्र कोकणच्या समुद्रातली, कोकणच्याच उन्हात वाळलेली. हे सगळे मी सविस्तर, आणि कबूल करायला हरकत नाही, थोडे चवीने सांगितले. काकांनी चमच्याने एक शेंगदाणा उलटापालटा करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "देवाला चालते ना? मग ती आपलीच."

परकी वस्तू समाज आपल्या चौकटीत बसवून घेतो, असे संस्कृतिप्रसाराचे अभ्यासक सांगतात, ते हेच असावे. पण देवाला काय चालते हे ठरवणारे लोकच पुढे भाड्याच्या घरांवर 'फक्त शाकाहारी' अशी अटही घालतात, तेव्हा मला हसू येत नाही. आमच्या लिफ्टमध्ये आता 'उग्र वासाचे पदार्थ' शिजवू नयेत अशी सूचना लागली आहे. अफगाणिस्तानातून येणाऱ्या हिंगाची फोडणी तीत बसत नाही, आणि पहाटे साऱ्या जिन्याला खोकायला लावणारा काकांचा धूपही नाही.