सुरू, उंबर, काजू अनावृतबीजी नाहीत

ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘ज्याचं फूल दिसत नाही, पानं सुईसारखी असतात किंवा बी फळाबाहेर असते, ते झाड अनावृतबीजी. उदा. सुरू, उंबर, काजू.’ वर सायकसला पाम ठरवून सपुष्प, म्हणजे आवृतबीजी, गटात टाकलंय. मुलं हे वहीत उतरवून घेतायत, म्हणून लिहितेय. चारही उदाहरणं साफ चुकीची आहेत.

पाहायचं असतं ते बीजांड, म्हणजे ज्याची पुढे बी होते तो भाग. ते फुलातल्या अंडाशयात बंद असेल तर झाड आवृतबीजी, आणि त्या अंडाशयाचंच पुढे फळ होतं. अनावृतबीजींना अंडाशयच नसतो, बीजांड उघड्यावर असतं.

सुरूची ‘सुई’ हे पान नाहीच, ती बारीक हिरवी डहाळी आहे. ओढून पाहा, पेरापेराशी तुटते. प्रत्येक पेरावर इवल्या खवल्यांचं कडं दिसतं, तीच पानं. मादी फुलांचे लालसर झुपके येतात. ज्याला लोक पाइनसारखा शंकू समजतात, तो फळांचा लाकडी गुच्छ. वाळला की त्यातून पंखवाली बारीक फळं उडतात आणि बी त्या फळाच्या आत असते.

उंबराची फुलं आतच असतात. कोवळं फळ चिरलं की शेकड्यांनी दिसतात.

काजूच्या बाबतीत तर फळ कुठलं, इथेच गफलत झालीय. बोंड म्हणजे फुगलेला देठ. झाडावर आधी हिरवी बी धरते, बोंड मागाहून फुगतं. ती ‘बी’ हेच खरं फळ. ओले काजू सोलताना ज्या टरफलाच्या चिकाने हाताची सालं निघतात, ते टरफल म्हणजे फळाची भिंत. बी म्हणजे आतला गर, पूर्ण झाकलेला.

सोसायट्यांच्या फाटकाशी लावतात तो सायकस मात्र खरा अनावृतबीजी, पामशी त्याचं नातं नाही. मादी झाडाच्या शेंड्यात लवदार, पानासारखे अवयव येतात आणि त्यांच्या कडेला बिया उघड्या बसतात.

पानावरून तर गट ठरवूच नये. सह्याद्रीच्या जंगलातली नीटम ही वेल रुंद, जाळीदार शिरांच्या पानांची आहे, आणि ती अनावृतबीजी आहे.