दहा पेडलं लागतातच? बहुतेकांना तीन पुरतात

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यांमध्ये पेडलांची, म्हणजे गिटार आणि ॲम्प (ॲम्प्लिफायर) यांच्या मध्ये लावून पायाने चालू-बंद करायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्यांची, एक यादी सतत फिरत असते: ट्यूनर, कंप्रेसर, वॉ, फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, नॉइज गेट, कोरस, डिले आणि रिव्हर्ब. ही दहा पेडलं नसतील तर व्यावसायिक आवाज निघत नाही, असा तिचा दावा. सोबत जोडसल्लेही असतात: सगळी ‘ट्रू बायपास’ (बंद असताना सिग्नल सरळ पुढे सोडणारी) घ्या म्हणजे आवाजाला धक्का लागत नाही, एका अडॅप्टरवर सगळी चालवा, खरखर आली तर गेट लावा. ही यादी वाचून नवी मुलं पहिल्याच वर्षी गिटारपेक्षा जास्त पैसे बोर्डवर, म्हणजे पेडलं मांडलेल्या पाटीवर, घालतात, म्हणून तिचा एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

“मोठे वादक एवढी पेडलं वापरतातच.”

काही वापरतात. पण क्वीन बँडच्या ब्रायन मेचा ओळखीचा आवाज म्हणजे मुळात एक ट्रेबल बूस्टर आणि व्हॉक्स एसी-30 ॲम्प. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरकडे मोठे बोर्ड होते हे खरं, पण पेडलबोर्ड बांधणाऱ्या पीट कॉर्निशने त्याच्यासाठी बांधलेल्या बोर्डांमध्ये बफर (पुढच्या केबलचा भार गिटारवर येऊ न देणारी सर्किट) बसवलेले होते. फोटोत पेडलं दिसतात, आतली जोडणी दिसत नाही.

“ट्रू बायपास असेल तर कितीही पेडलं लावा, फरक पडत नाही.”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. ट्रू बायपास पेडल बंद केलं की इनपुट सरळ आउटपुटला जोडला जातो. म्हणजे बंद पेडल ही नुसती तार असते, आणि तारेला कपॅसिटन्स, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी गिळणारा गुण, असतो. गिटारच्या केबलला तो मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धरा. गिटारपासून बोर्डपर्यंत 6 मीटर, बोर्डपासून ॲम्पपर्यंत 6 मीटर आणि 30 सेंटिमीटरच्या नऊ पॅच केबल, असे जवळपास 15 मीटर होतात, म्हणजे 1500 पिकोफॅरड. सिंगल कॉइल पिकअपचा (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाचा) इंडक्टन्स 2.5 हेन्री आणि त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स 100 पिकोफॅरड धरला, तर एकाच 6 मीटर केबलवर त्याचं रेझोनन्सचं शिखर, म्हणजे तो सगळ्यात जोरात देतो ती फ्रिक्वेन्सी, 3.8 किलोहर्ट्झच्या आसपास असतं. दहा ‘बंद’ पेडलांतून गेल्यावर ते 2.5 किलोहर्ट्झवर उतरतं. पिकच्या आघाताची धार नेमकी तिथेच जाते. ॲम्पचा ट्रेबल वाढवून ती परत येत नाही, कारण शिखरच जागेवरून हललेलं असतं. वाढते ती फक्त खरखर.

खात्री करायला गिटार एका 6 मीटर केबलने थेट ॲम्पला लावा, मग सगळी पेडलं बंद ठेवून बोर्डमधून लावा. क्लीन आवाजात, ब्रिज पिकअपवर, तोच कॉर्ड वाजवा. फरक ऐकू आला तर सुरुवातीला एक चांगला बफर लागतो. बफर्ड बायपासचा ट्यूनर हे काम आपसूक करतो: त्याचा इनपुट इंपिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) साधारण 1 मेगाओहम असतो आणि आउटपुट बराच कमी, त्यामुळे पुढच्या केबलचा भार पिकअपवर येत नाही. अपवाद जुन्या धाटणीच्या फझचा. त्याला पिकअप थेट हवा असतो, म्हणून तो बफरच्या आधी लावायचा.

“क्लीन, क्रंच आणि लीडला वेगवेगळी पेडलं हवीत.”

स्वच्छ, किंचित फुटलेला आणि सोलोचा, या तिन्ही आवाजांचं काम गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब करतो. ब्रिज पिकअप, व्हॉल्यूम 10 वर. ॲम्प किंचित फुटायच्या बेताला आणा आणि ओव्हरड्राइव्ह लीडसाठी हवा तेवढा लावा. आता व्हॉल्यूम 7 वर आणला की क्रंच मिळतो, 4-5 वर जवळपास क्लीन. ओव्हरड्राइव्हमध्ये सिग्नल दाबला गेलेला असतो, त्यामुळे नॉब खाली घेतला तरी एकूण आवाज तितका पडत नाही. फार जास्त गेन असलेल्या डिस्टॉर्शनवर मात्र हे जमत नाही.

बहुतेक जण इथे एका अडचणीवर येऊन थांबतात: नॉब खाली आला की आवाज मंद, घोंगडीखालून आल्यासारखा होतो. पॉटचा (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरचा) रेझिस्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून वरच्या फ्रिक्वेन्सी कापतात. उपाय अगदी स्वस्त आहे. 250 किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि मधल्या टोकामध्ये 150 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1000 पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडून सोल्डर करा. आवाज फार पातळ वाटला तर 680 पिकोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा.

सोलो वर यायला हवा असेल तर ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्हच्या धाटणीच्या पेडलचा ड्राइव्ह जवळपास शून्यावर आणि लेव्हल वर ठेवा. त्याची रचना साधारण 720 हर्ट्झखालच्या बेसला ड्राइव्ह कमी देते आणि मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) पुढे आणते, म्हणून बेस आणि किक ड्रमच्या गर्दीतून गिटार बाहेर येते.

“खरखर आली तर नॉइज गेट.”

20 डेसिबल गेनची दोन पेडलं एकामागे एक लावली की व्होल्टेज शंभरपट होतं, आणि त्यांच्या आधीची खरखरही शंभरपट. गेट ती फक्त तुम्ही थांबल्यावर लपवतो. वाजवताना ती असतेच, वर लांब सुराची शेपूट कापली जाते. आधी एक ड्राइव्ह काढा. कंप्रेसरही काढून बघा, ओव्हरड्राइव्ह स्वतःच आवाजाचे चढउतार दाबतो. क्लीन फंक किंवा कंट्री वाजवणाऱ्यांनी कंप्रेसर जरूर ठेवावा.

“एक अडॅप्टर सगळ्यांना पुरतो.”

मिलिअँपिअरचं गणित जुळलं तरी डिजिटल पेडलच्या क्लॉकची (आतल्या चिपला ताल देणाऱ्या सर्किटची) शिट्टी सामाईक तारेतून ड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथे मोठी होते. पॉझिटिव्ह ग्राउंडचा जुना जर्मेनियम फझ त्याच साखळीत लावला तर सप्लाय शॉर्ट होतो. तीन पेडलांना डिलेसाठी वेगळा 9 व्होल्ट अडॅप्टर दिला की पुरतं. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र गुणगुण थांबवायला कधीही काढू नका, जिवावर बेतेल.

दहा पेडलं म्हणजे वीस जॅक, नऊ पॅच केबल आणि दहा पॉवर प्लग. कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत यातला एक काळवंडला तरी मंचावर आवाज जातो, आणि कुठे गेला ते शोधायला वेळ नसतो.

मग ठेवायचं काय? बफर्ड ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिले, याच क्रमाने. ड्राइव्ह ॲम्पच्या प्रीॲम्पमधून घेत असाल तर डिले इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्पनंतर पेडल जोडायच्या ॲम्पवरच्या जागेत) टाका. रिव्हर्बची जागा 100 मिलिसेकंदांचा, दोन-तीन रिपीटचा, मिक्स कमी ठेवलेला डिले बऱ्यापैकी भरून काढतो. लयीत हवा असेल तर 60,000 ला बीपीएमने भागा: 120 बीपीएमला क्वार्टर नोट 500, डॉटेड एट्थ (क्वार्टरच्या पाऊणपट) 375 मिलिसेकंद. शूगेझ किंवा अँबियंट (दाट, पसरट आवाजाचं संगीत) वाजवणाऱ्यांना मोठा रिव्हर्ब आणि मॉड्युलेशन खरोखरच लागतं. त्यांनी चौथं-पाचवं पेडल बिनधास्त घ्यावं, आणि साखळीच्या शेवटीही एक बफर ठेवावा.