मिडलपोर्टचा चालता कारखाना

इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट शहरातला मिडलपोर्ट पॉटरी हा चिनी मातीच्या भांड्यांचा जुना कारखाना मी नुकताच पाहून आले. तेथे मार्गदर्शकाबरोबर फेरी मारता येते, चहा पिता येतो, दुकानात खरेदी करता येते. तरीही त्याला केवळ पर्यटनस्थळ म्हणणे मला पटत नाही, कारण आत ‘बर्ली’ या नावाची भांडी आजही रोज तयार होत असतात.

मी सर्वाधिक वेळ रेंगाळले ती नक्षीकामाच्या विभागात. कोरीव तांब्याच्या रुळावर रंग चढवून त्याचा ठसा पातळ कागदावर घेतात. तो कागद कापून, एकदा भाजलेल्या पण अजून झिलई न दिलेल्या भांड्यावर बसवतात, ताठ केसांच्या ब्रशने जोर लावून घासतात आणि मग पाण्याने कागद धुऊन काढतात. नक्षी भांड्यावर राहते, त्यानंतर झिलई आणि पुन्हा भट्टी. सपाट कागद किटलीच्या गोलाईवर बसवताना तो कुठे कापायचा आणि फुलाचे दोन अर्धे भाग कानापाशी कसे जुळवायचे, हे वर्षानुवर्षे तेच काम केलेल्या हातांनाच जमते. ही पद्धत जगात आता जवळजवळ कोठेच उरलेली नाही.

१८८८ साली कालव्याच्या काठी हा कारखाना उभा राहिला. भांडी भाजायला मातीपेक्षा कोळसाच अधिक लागे, म्हणून कोळसा असलेल्या या गावांकडे दूर कॉर्नवॉलची पांढरी माती जहाजाने आणि कालव्याने येत असे. पुढे इमारत मोडकळीस आली, तेव्हा २०११ मध्ये तत्कालीन युवराज चार्ल्स यांच्या न्यासाने ती विकत घेतली आणि सुमारे ९० लाख पौंड खर्चून २०१४ मध्ये ती पुन्हा खुली केली. दुरुस्तीच्या काळातही येथील उत्पादन चालू राहिले, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

अंगणात बाटलीच्या आकाराची विटांची भट्टी आहे. पूर्वीच्या सातांपैकी ही एकच उरली. सगळे तिच्यापुढे छायाचित्रे काढतात, मीही काढले. मात्र मातीच्या जड पेट्यांत भांडी भरून त्या डोक्यावरून भट्टीत नेणारे, आणि मालाची घाई असली की ती पुरती निवण्याआधीच आत शिरणारे कामगार त्या चित्रात नसतात. मातीत मिसळायच्या गारगोटीच्या भुकटीने येथील कित्येकांची फुफ्फुसे निकामी झाली. त्या आजाराला तेथे ‘कुंभाराची कूज’ अशा अर्थाचे नावच पडले होते. भट्टीचे सौंदर्य सांगताना हे प्रत्येक पाहुण्याला तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

परळ-लालबागच्या गिरण्यांची आठवण येणे अपरिहार्य होते. तेथे मॉल आणि टॉवर झाले, काही ठिकाणी चिमणी तेवढी राखली गेली. एखादी गिरणी मागासह, विणकरासह, पगारासह चालू ठेवून लोकांना दाखवता आली असती, असे मला मिडलपोर्टला उभे असताना फार तीव्रतेने वाटले.

दुकानातून मी निळ्या नक्षीचा एक कप घेतला. तो स्वस्त नव्हता. पण त्याच्या कानापाशी नक्षीचा सांधा बारकाईने पाहिल्यास दिसतो, आणि असा सांधा जुळवणाऱ्या बाईंना मी तासाभरापूर्वीच काम करताना पाहिले होते.