आबा हरले होते, आणि तेही दोनदा

सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांवरचा तो मेसेज परत फिरायला लागलाय. (आबा म्हटल्यावर तासगावचे आर. आर. पाटील डोळ्यासमोर येत असतील तर ते वेगळे, हे शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, भाई गणपतराव.) मेसेजचा मजकूर साधारण असा की सलग 11 वेळा आमदार, आयुष्यात एकही पराभव नाही, हे देशातलं रेकॉर्ड, मंत्रीपदाला कधी हात लावला नाही, दुष्काळी सांगोल्यात एकट्याच्या बळावर पाणी आणलं, घरातल्या कुणाला राजकारणात येऊ दिलं नाही. खाली हात जोडलेले चार इमोजी. माणसाबद्दल मलाही प्रचंड आदर आहे आणि म्हणूनच चिडचिड होते, कारण यातलं जे खरं आहे ते आधीच एवढं भारी आहे की वरून मीठमसाला टाकायची गरजच नव्हती.

आधी ते "सलग". अहो 11 वेळा बरोबर आहे पण सलग कुठून आणलंत? 1962 ला पहिल्यांदा निवडून आले, 67 ला परत, आणि 1972 ला पडले. त्या वर्षी बांगलादेश युद्धानंतरची इंदिरा लाट होती, राज्यात 270 पैकी 222 जागा एकट्या काँग्रेसला आणि शेकापचे जेमतेम 7 आमदार, त्यात कोण टिकणार होतं. मग 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि तिथून 1978, 80, 85, 90 अशी रांग लावली. म्हणजे मेसेजवाल्याने ती पोटनिवडणूक धरल्याशिवाय 11 चा आकडा जमतच नाही, आणि पोटनिवडणूक धरली की आधीचा पराभव आपोआप आलाच की! स्वतःच्याच आकड्यात फसलाय बिचारा. काही ठिकाणी "57 वर्षं अखंड आमदार" पण लिहिलेलं असतं. बोटांवर मोजा, 62 ते 72 दहा, 74 ते 95 एकवीस, 99 ते 2019 वीस, झाली 51. कमी आहेत का?

दुसरा पराभव तर जास्तच सांगण्यासारखा आहे. 1995, समोर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. हो हो तेच, "काय झाडी, काय डोंगार"वाले. फरक किती, तर 192 मतं. एक-दोन वाड्यांवरची माणसं त्या दिवशी दुसरीकडं फिरली की खेळ खल्लास एवढाच हा आकडा. 33 वर्षांपूर्वी पहिल्यांदा आमदार झालेला माणूस सत्तरीच्या उंबऱ्यावर असा पडतो तेव्हा बहुतेक जण घरी बसतात, नाहीतर सरळ सत्ताधाऱ्यांच्या दारात जातात, आपल्याकडं उदाहरणांना तोटा नाही. हे गृहस्थ त्याच पक्षात, त्याच तालुक्यात चार वर्षं फिरत राहिले आणि 1999 ला परत निवडून आले, मग 2004, 2009, 2014. शेवटची टर्म संपली तेव्हा वय नव्वदीच्या पार. "कधीच हरले नाहीत" असं लिहून तुम्ही हीच सगळी गोष्ट पुसून टाकता राव.

देशातल्या रेकॉर्डचं दोन ओळीत उरकतो. तमिळनाडूत करुणानिधी 1957 ते 2016 या काळात 13 वेळा आमदार झाले, पण मतदारसंघ बदलत बदलत. मग कुणी म्हणेल की एकाच मतदारसंघातून आबाच. तेही नाही, केरळात के. एम. माणी एकट्या पाला मतदारसंघातून 13 वेळा आणि ओमन चांडी पुथुपल्लीतून 12 वेळा. आपल्या महाराष्ट्रापुरतं म्हणा, कुणी अडवणार नाही.

मंत्रीपदाला हात लावला नाही हे तर साफ चूक. 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात मंत्री होते आणि 1999 ला विलासराव देशमुखांच्या सरकारातही, पुढं 2002 ला शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला. मंत्री होणं हा काय गुन्हा आहे का लपवायला? उलट दोनदा मंत्री होऊनही साधेपणाचं नाव टिकलं आणि एसटीतून फिरणारा आमदार अशीच ओळख राहिली हे सांगा ना, ते जास्त वजनाचं आहे. पक्ष न बदलल्याचं मात्र शंभर टक्के खरं. ज्या केशवराव जेध्यांनी शेकाप उभा केला तेच काँग्रेसमध्ये परत गेले, रेठऱ्याचे यशवंतराव मोहितेही गेले, आबा राहिले.

आता पाणी. इथं मेसेज नुसता चुकत नाही तर दुसऱ्यांवर अन्याय करतो. सांगोला पर्जन्यछायेतला तालुका, माण नदी वर्षातला बराच काळ वाळू दाखवत पडलेली. पाण्याचा लढा 1993 पासून आटपाडीच्या पाणी परिषदेतून उभा राहिला, 13 दुष्काळी तालुक्यांसाठी, आणि त्याच्या पुढं होते वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि त्यांच्या बरोबरीने गणपतराव. शिवाय परिषदांना येणारी हजारो माणसं, ती कुठल्या मेसेजात येणार. या पाणी योजनांची कामं करणारं कृष्णा खोरे महामंडळ निघालं 1996 ला, युती सरकारच्या काळात, आणि गंमत म्हणजे तेव्हा आबा आमदारच नव्हते, 192 मतांनी घरी बसवलेले होते. तरी लढ्यात होते. टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनेत कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने पंप करत दुष्काळी भागाकडं न्यायचं असतं, निधी तुटला की काम थांबतं, एका टप्प्याचा पंप बंद की पुढचे कोरडे. एकट्या माणसाने करायचं कामच नाही ते. आणि जिथं खरंच त्यांचा हात होता त्या शेतकरी सहकारी सूतगिरणीबद्दल मेसेजात एक अक्षर नाही! राज्यात सहकारी सूतगिरण्या धडाधड बंद पडत होत्या तेव्हा सांगोल्याची चालू राहिली, पण त्यावर इमोजी टाकता येत नसावेत बहुतेक.

राहिलं घराणं. 2019 ला वयामुळं आबा उभे राहिले नाहीत, तर शेकापचं तिकीट अनिकेत देशमुखांना, म्हणजे नातवाला. तो 768 मतांनी पडला आणि पाडणारे कोण, तर परत शहाजीबापूच, यावेळी शिवसेनेतून. 30 जुलै 2021 ला आबा गेले. 2024 ला बाबासाहेब देशमुखांनी त्याच शहाजीबापूंना हरवून जागा शेकापकडं परत आणली, आणि बाबासाहेब हे आबांचे दुसरे नातू.