सात घारी

काल लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला गाठलं आणि सरळ विचारलं, "पक्षी का उडवलेस रे?" चार लोकांसमोर. जसं काही मी गोफण घेऊन फिरतोय.

झालं असं की सोसायटीच्या ग्रुपवर मी सिंहगडावरून काढलेला फोटो टाकला होता, निळंशार आकाश, खाली खडकवासल्याचं पाणी, आणि आकाशात सात काळपट ठिपके. ते ठिपके म्हणजे माझ्या कॅमेऱ्याच्या शटरमधून सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, उडालेलं तेल. २०१३ साली घेतला तेव्हापासूनचा रोग आहे हा, त्या मॉडेलचा प्रॉब्लेम जगजाहीर आहे. काकांना मात्र त्या घारी वाटल्या. काका रिटायर झाल्यापासून पक्षीनिरीक्षण करतात, म्हणजे गॅलरीत बसून कबुतरांना शिव्या देतात. ते भिंग घेऊन घरीच आले.

"ही घार. ही पण घार. ही जरा लहान आहे, पिल्लू असेल."

"काका, तेल आहे ते."

"कसलं तेल?"

"शटरचं."

"शटरला तेल कोण घालतं? आमच्या दुकानाच्या शटरला तीस वर्षं ग्रीसच लावायचो मी. तेलाने धूळ धरते."

खरं सांगू, एवढं नेमकं निदान मला सर्व्हिस सेंटरमध्येही कुणी दिलं नव्हतं. तरी पुरावा म्हणून मी हरिहरेश्वरचा फोटो उघडला. तेच सात ठिपके, त्याच जागी. काका बराच वेळ भिंगातून बघत राहिले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे हे तुझ्या मागेमागे फिरतायत?" मी चिडून एक उभा फोटो दाखवला, त्यात ठिपके अर्थातच दुसऱ्या कोपऱ्यात. "बघ! इथे वळले." यावर काय बोलणार, बायको आत चहा गाळता गाळता हसत होती.

मजा बाजूला. एफ १६ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, आकाश काढलं की ठिपके दिसतात, एफ २.८ला, छिद्र मोठं केलं की, दिसत नाहीत, म्हणजे मी आयुष्यभर पार्श्वभूमी धूसर करून लोकांचे चेहरेच काढत बसायचं का? मला डोंगर आवडतात. दर वेळी सेन्सर साफ करून आणायचा, दोन-तीनशे फोटो झाले की पुन्हा नक्षत्रं हजर, मग रात्री जागून कॉम्प्युटरवर एकेक ठिपका बुजवायचा. सर्व्हिस सेंटरचा मुलगा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करतो. "सर, असं कधी आलं नाही आमच्याकडे. तुम्ही लेन्स बाहेर बदलता का?" नाही, देवघरात सोवळं नेसून बदलतो!

मग म्हटलं, काढून टाकू. दुकानात एक्स्चेंजला नेला तर तिथल्या माणसाने नुसतं मॉडेल बघितलं. "अरेरे, हे तेलवालं ना? सोळा हजार." म्हणजे रिपेअर करायची वेळ आली की हा दोष अस्तित्वातच नाही आणि किंमत पाडायची वेळ आली की तो सगळ्या दुनियेला तोंडपाठ. नवीन मिररलेस कॅमेऱ्याची नुसती बॉडी दीड लाखाच्या पुढे, वर जुन्या लेन्ससाठी अ‍ॅडॉप्टर. आणि मिररलेसमध्ये माझ्या जुन्यासारखा सेन्सरपुढे आरसाच नसतो, बहुतेकांत लेन्स काढली की सेन्सर उघडा, धूळ जायला मोकळं रान. २०१९च्या जानेवारीत कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तेव्हा घेऊन टाकायला हवा होता. तेव्हा आम्ही फ्रिज घेतला. त्यालाही आता पाणी गळतंच.

तर लिफ्ट. सेक्रेटरींनी सिंहगडाचा फोटो लॉबीत लावायला मागितला, म्हणून मी दीड तास बसून सातही ठिपके साफ केले, मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली, पैसे अजून मिळाले नाहीत ते वेगळंच. आणि काका म्हणतात फोटोतला जीव गेला. मी म्हटलं, काका, मी आता कॅमेराच बदलतोय.

काका विचारात पडले. दुसरा मजला आला तरी दार धरून उभे.

"घे बाबा, घे. पण दुकानात नीट विचारून घे, त्यात पक्षी येतात का."